परक्याचा बिछाना

गेल्या महिन्यात धाकट्या भावाची मुलगी पेढे घेऊन घरी आली. हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम पुरा करून तिला नोकरी लागली होती. कल्याण-शीळ रस्त्यावर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या वसाहतीच्या क्लबहाऊसमध्ये, हाऊसकीपिंग खात्यात. पोहण्याचा तलाव, पाहुण्यांसाठी खोल्या, लग्नाचा हॉल, सगळे काही. आमच्या वडिलांच्या पिढीने याच पट्ट्यात भात लावला होता. आता त्यांची नात तिथे गणवेश घालून जाणार होती.

"काका, तुम्ही गोव्याच्या रिसॉर्टमध्ये अठरा वर्षं काढलीत. पहिल्या दिवशी काय लक्षात ठेवू, सांगा ना."

मी तिला चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात कसा दुमडायचा ते दाखवले. पाहुण्याच्या खोलीत शिरण्याआधी दार तीनदा ठोठावायचे, आत कुणी नाही याची खात्री असली तरी ठोठावायचे, हेही सांगितले. ती खूश होऊन गेली. खरे सांगायचे होते ते मात्र राहून गेले. गेली पस्तीसहून अधिक वर्षे ते मी कुणालाच सांगितलेले नाही. वडिलांना तर नाहीच.

फाट्यावरून गोव्याला

आज शीळफाटा म्हटले की वाहतुकीची कोंडी आठवते. वांद्रे-कुर्ला संकुलापासूनचा बुलेट ट्रेनचा एकवीस किलोमीटरचा बोगदा याच शीळफाट्यापर्यंत येतो. पण १९८५ साली फाटा म्हणजे खरोखरीच फाटा होता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून कल्याणकडे फुटणारी वाट, चार चहाच्या टपऱ्या, पंक्चर काढणारे आणि रात्रभर जाणारे ट्रक. एका बाजूला पारसिकचा डोंगर, खाली खाडी. पावसाळ्यात भात, एरवी खाडीतले निवटे आणि चिंबोऱ्या. वर्षाची मोठी चैन म्हणजे महाशिवरात्रीला खिडकाळेश्वराची जत्रा.

दहावीनंतर मी दादरच्या केटरिंग कॉलेजात हाऊसकीपिंगचा छोटा अभ्यासक्रम केला. १९५४ साली सुरू झालेली ही संस्था. तिथून निघालेली मुले देशभरच्या हॉटेलांत पसरली होती. मिळेल त्या वाहनाने मुंब्रा स्टेशन गाठायचे आणि तिथून लोकल पकडायची. कॉलेजच्या फळ्यावर गोव्यातल्या जागांची जाहिरात लागली, मी अर्ज केला आणि निवड झाली.

वडिलांना ते आवडले नाही. ते ओटीवर जाळे विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्याचा बिछाना घालाला येवऱ्या लांब जातस?"

मी म्हटले, "बाबा, पगार आहे. राहायला खोली आहे. दोन वेळचं जेवण आहे."

ते पुढे काही बोलले नाहीत. आईने मात्र सुक्या जवळ्याची पुरचुंडी बांधून दिली.

ज्या रिसॉर्टमध्ये मी लागलो त्याचे नाव इथे लिहीत नाही. घरातली गोष्ट बाहेर सांगताना घराचा पत्ता देऊ नये, असे आमचे पहिले हाऊसकीपर म्हणत. उत्तर गोव्याच्या किनाऱ्यावरचे ते एक पंचतारांकित रिसॉर्ट होते, एवढे पुरे.

किल्ल्याच्या पायथ्याशी

गोव्याच्या या आलिशान पर्यटनाचा पाया सिकेरीला पडला. १६१२ साली पोर्तुगीजांनी तिथे आग्वादचा किल्ला बांधला. पोर्तुगीज भाषेत पाण्याला 'आग्वा' म्हणतात. लांबून येणारी गलबते इथल्या झऱ्यांचे गोडे पाणी भरून घेत, म्हणून हे नाव. त्याच किल्ल्याच्या खालच्या तटापाशी ताज समूहाने १९७४ साली रिसॉर्ट उघडले. तोवर कळंगुट-हणजुणे म्हणजे हिप्पींचा मुलूख, अशीच बाहेरच्यांची समजूत होती. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेचे नेते दिल्लीतल्या कामकाजातून विश्रांतीसाठी इथे आले. इंदिरा गांधी होत्या, मार्गारेट थॅचर होत्या. त्या परिषदेने गोव्याचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत नेले. मी पोहोचलो तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती, तरी सगळ्या किनाऱ्यावर तोच विषय. कुणी त्या वेळी चहा नेला होता, कुणी फुले रचली होती, कुणाचा मेव्हणा पोलीस बंदोबस्तात होता. निम्म्या गोष्टी खऱ्या असतील, पण ऐकायला गोड वाटत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून थेट दाबोळीला चार्टर विमाने उतरू लागली. ऑक्टोबर ते मार्च हा हंगाम. एक तुकडी सकाळी गेली की दुसरी दुपारी हजर. मधल्या चार तासांत सगळ्या खोल्या पुन्हा कोऱ्या व्हायला हव्यात.

एका माणसाकडे चौदा ते सोळा खोल्या. पलंग, न्हाणीघर, धूळ, गॅलरी आणि वाळू. वाळू हा आमचा खरा शत्रू होता. ती चादरीत, गालिच्यात, टबच्या जाळीत, पुस्तकाच्या पानांत सापडे. दुसरा शत्रू खारा वारा. पितळी मूठ आज घासली की उद्या काळी. पाहुण्याला मात्र यातले काहीच दिसता कामा नये. खोली आपोआपच स्वच्छ होते, असे त्याला वाटले पाहिजे. चांगला रूमबॉय तो, ज्याचा चेहरा पाहुण्याला आठवत नाही. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवले गेले.

गमतीही पुष्कळ. एका बाईंनी मध्यरात्री फोन करून विचारले होते, "हा समुद्र रात्री बंद होत नाही का?" एक आजोबा पंधरा दिवस पलंगाखालच्या गालिच्यावर झोपले, कारण गादी फार मऊ. जाताना मला म्हणाले, हे माझ्या मुलाला कळू देऊ नकोस, त्याने या गादीचे पैसे भरलेत.

पहिल्या सुटीत घरी आलो तेव्हा कौतुकाने आईचे अंथरूण हॉटेलसारखे घातले. चादर चारी बाजूंनी घट्ट खोचली. रात्री अंधारात आईची हाक आली, "अरं, पाय कुठून घालू?" वडील खुदकन हसले. गोव्याच्या नोकरीवरून ते हसलेले मी पाहिले ते तेवढेच.

मागचे दार

प्रत्येक मोठ्या हॉटेलला दोन दारे असतात. पुढच्या दारात फुले, संगीत आणि थंड सरबत. मागच्या दारात टाइम ऑफिस, पंचिंगचे कार्ड आणि पहारेकरी. पुढून येणारा पाहुणा, मागून येणारा कर्मचारी. जाताना मागच्या दारात रोज झडती. खिसे उलटे करायचे, डबा उघडायचा, पिशवी झटकायची. जगातल्या बहुतेक हॉटेलांत हा रिवाज आहे. त्यामागचे कारणही समजते: शेकडो खोल्या, हजारो वस्तू, आणि मास्टर किल्ली महिना साडेचारशे रुपये मिळवणाऱ्या पोराच्या हातात. डिसेंबरात आमच्या एका खोलीचे एका रात्रीचे भाडे माझ्या महिन्याच्या पगाराच्या दुपटीहून जास्त होते.

माणूस कशालाही सरावतो. मी इतका सरावलो की सुटीत शीळला घरात शिरताना उंबऱ्यावर हात आपोआप खिशाकडे जाई.

या दारातून माझ्याबरोबर आत येणाऱ्यांत कांदोळी-कळंगुटच्या बायका होत्या. त्यांच्या घरचे पुरुष रापणकार. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. ते खेचायला गावचे गाव लागते. यांत्रिक ट्रॉलर आले तशी रापणीतली मासळी आटत गेली, आणि किनाऱ्यावर हॉटेले आली तशा होड्या ठेवायच्या जागा आणि जुन्या पायवाटा आक्रसल्या. याच सुमारास 'जागृत गोंयकारांची फौज' चार्टर पर्यटनाविरुद्ध निदर्शने करत होती. आमच्या कँटीनमध्ये त्यावर वाद होत. एक बाजू म्हणे, ही नोकरी नसती तर चूल कशावर पेटली असती? दुसरी म्हणे, वाट आपलीच होती आणि आता पहारेकऱ्याला विचारून जायचे? दोन्ही बाजूंची माणसे एकाच पंगतीत जेवत होती. पुढे दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००९ मध्ये न्यायालयाने लोकांचा वाटेवरचा हक्क मान्य केला, तर सरकारने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती केली. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या कँटीनमधली लाकडी बाके आठवली.

लिननरूमच्या आंटी याच गावच्या. पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, गळ्यात क्रूस. हजारो चादरी त्यांच्या हाताखालून जात. एक चादर पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. शिवाय अडीनडीला जादा. हा हिशेब त्या वहीशिवाय सांगत. मी नवा असताना त्यांनी मला 'पुता' म्हणायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

पावसाळा आला की हॉटेल रिकामे होई. कंत्राटी पोरांना जूनमध्ये 'ब्रेक' मिळे, म्हणजे घरी बसायचे. आम्ही उरलेले गाद्या उन्हाची वाट पाहत उलट्यापालट्या करत असू. १९८६ च्या जुलैत, ५ तारखेला, मांडवीवरचा पूल कोसळला. त्यानंतर कैक वर्षे पणजी ते बेती फेरीबोटीने पार करावे लागले. घरी यायचे तर किनाऱ्यावरून बेती, फेरीने पणजी, तिथून रात्रीची बस, पहाटे पनवेलजवळ उतरायचे, मग तळोज्याच्या रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ट्रकमध्ये बसून शीळफाटा. चोवीस तासांच्या त्या प्रवासात मी रूमबॉयचा पुन्हा शेतकऱ्याचा मुलगा होत असे.

हिऱ्याची कुडी

१९८८ चा डिसेंबर. नाताळच्या आधीचा आठवडा. एक सधन कुटुंब माझ्या मजल्यावर उतरले होते. सकाळी त्यांच्या खोलीतून फोन गेला: बाईंची हिऱ्याची एक कुडी सापडत नाही. आदल्या संध्याकाळी अंथरूण आवरायला आणि सकाळी खोली साफ करायला मीच गेलो होतो. किल्ली माझ्याच कमरेला होती.

मला सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत नेण्यात आले. कुणी हात उगारला नाही, कुणी शिवी दिली नाही. तीन तास फक्त तेच तेच प्रश्न. मग माझे लॉकर उघडले. मग आम्ही सहाजण राहत होतो त्या खोलीवर नेऊन माझी ट्रंक सगळ्यांसमोर रिकामी केली. दोन शर्ट, आईने दिलेली गोधडी, वडिलांचे एक पोस्टकार्ड, जवळ्याची पुरचुंडी. पहारेकऱ्याने तीही सोडून पाहिली. खोलीभर सुक्या मासळीचा वास सुटला आणि कुणीतरी हसले. त्या हसण्याने जे झाले ते तीन तासांच्या प्रश्नांनी झाले नव्हते.

दोन दिवस मला कामावर घेतले नाही. घरी कळवावे असेही वाटले नाही. काय कळवणार? ज्या माणसाने परक्याच्या बिछान्याला नाव ठेवले होते, त्याला हे लिहायचे?

तिसऱ्या दिवशी आंटींना कुडी सापडली. धुलाईला निघालेल्या उशीच्या अभ्र्यात, शिवणीच्या आत अडकलेली. बाई कुडी न काढता झोपल्या होत्या, एवढीच ती गोष्ट. कुटुंब तोवर निघून गेले होते.

आंटींनी कुडी लगेच दिली नाही. आधी हरवले-सापडले नोंदवहीत तारीख, वेळ, खोलीचा क्रमांक आणि 'उशीच्या अभ्र्यात' हे शब्द लिहिले. मग वही काखेत घेऊन त्या थेट मोठ्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते मी ऐकले नाही. बाहेर उभ्या असलेल्यांनी नंतर सांगितले. "सायबा, चोरी झाली असं सगळ्यांसमोर सांगितलंत. नाही झाली, हेही सगळ्यांसमोर सांगा." साहेबांनी मान डोलावली. सांगितले मात्र नाही. दुसऱ्या दिवशी मला किल्ली परत मिळाली, एवढेच.

महिन्याभराने त्या बाईंचे पत्र आले. कुडी पोचली, आभार. सोबत शंभर रुपयांची नोट, 'प्रामाणिक कर्मचाऱ्यासाठी'. आंटींनी ती माझ्या हातात ठेवली. मी नको म्हटले. त्या म्हणाल्या, "पुता, हे तुझे नव्हेत. पण तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचेही नव्हेत."

मी ते शंभर रुपये घेतले. पगारात मिसळले आणि घरी मनिऑर्डर केली. त्या महिन्यात वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन होते. त्यांनी शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेतले: पैसे पोचले, जरा जास्त आले, साहेब खूश दिसतो.

वडील १९९७ साली गेले. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. नोट परत करायला हवी होती, असे कधी वाटते. कधी वाटते, परत करण्याची चैन मला परवडणारी नव्हती. इतकी वर्षे झाली, तरी निकाल लागलेला नाही.

किल्ली दुसऱ्याच्या हाती

पुढे मी सुपरवायझर झालो. मग माझ्या हाताखाली पोरे आली: कारवारची, सावंतवाडीची, बेळगावची. आणि एका हंगामात घड्याळ हरवले. समोर एकोणीस वर्षांचा मुलगा उभा, खाली मान घातलेला. मी त्याची ट्रंक उघडायला लावली. होय, मीच. नियम तसा होता आणि माझ्यावरही कुणीतरी होते. फक्त खोलीतल्या बाकीच्या पोरांना मी बाहेर काढले, आणि त्या मुलाला विचारले, तुझ्या बाजूने कोण उभा राहील? त्याने ज्याचे नाव घेतले त्याला आत ठेवले.

घड्याळ पाहुण्याच्याच बॅगेत निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगला, नखे आणि दाढी तपासून झाल्यावर, मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितले: काल याच्यावर आळ आला होता, तो खोटा होता, आणि ट्रंक उघडायला लावली म्हणून मी त्याची माफी मागतो. पोरगा गोंधळला. आंटी तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या घरी जाऊन हे सांगितले. त्यांनी माझ्यापुढे फेणीचा छोटा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "देव बरें करूं."

मागच्या दारातली झडती मी बंद करू शकलो नाही. ती माझ्या हातात नव्हती. पण खोटा ठरलेला आळ ब्रीफिंगमध्ये मोठ्याने मागे घ्यायचा, हा रिवाज आमच्या खात्यात मी असेपर्यंत, २००३ पर्यंत टिकला.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी शीळच्या घरी टीव्हीसमोर होतो. मुंबईचे ताजमहाल हॉटेल जळत होते. नंतर हळूहळू कळत गेले की वेटर, स्वयंपाकी, टेलिफोन ऑपरेटर, हाऊसकीपिंगचे लोक पळून गेले नाहीत. मागच्या जिन्यांची माहिती फक्त त्यांनाच होती. त्या वाटेने स्वतः निसटण्याऐवजी त्यांनी पाहुण्यांना बाहेर काढले, आणि त्यात काहींनी जीव गमावला. हार्वर्डच्या अभ्यासकांनीही पुढे त्यावर लिहिले. साध्या घरांतली ही मुले अशी का वागली, हे त्यांना कोडे वाटले होते. मला त्या रात्री कोडे वाटले नाही, मात्र झोप आली नाही. जगभरच्या हॉटेलांत मागच्या दाराने येणारी हीच माणसे. रोज संध्याकाळी त्यांचे खिसे पाहिले जातात, आणि वेळ आली की त्यांच्यावरच जीव सोपवला जातो.

राहिलेले सांगणे

पुतणीचा पहिला दिवस सोमवारी होता. रविवारी रात्री मी तिला बोलावले आणि कुडीची गोष्ट सांगितली. शंभर रुपयांसकट. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, दारात उभा राहून ऐकत होता. त्यालाही हे नवीनच होते.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, मग मी जाऊ की नको?"

"जा," मी म्हटले. "काम चांगलं आहे. दमलेल्या माणसाला स्वच्छ बिछाना घालून देणं यात काही कमीपणा नाही. तुझ्या आजोबांना तसं वाटायचं, आणि मला ते त्यांना कधी पटवून देता आलं नाही. फक्त तिथे गेल्यावर लिननरूममध्ये कोण बसतं ते आधी बघ. त्यांच्याशी ओळख कर. आणि पुढेमागे तुझ्या हाताखाली कुणी आलं, त्याच्यावर आळ आला आणि तो खोटा ठरला, तर चारचौघांत तसं सांगायला लाजू नकोस."

सोमवारी संध्याकाळी ती परस्पर आमच्याकडेच आली. कशी गेली शिफ्ट, म्हणून विचारायला मी पुढे झालो. चपला काढून ती उंबऱ्यापाशी थांबली होती, आणि तिचा एक हात आपसूक पर्सच्या चेनकडे गेला होता. आमची नजरानजर झाली. तिने हात खाली घेतला.

"ये," मी म्हटले. "इथं कुणी बघत नाही."